सतरावी गाठ

"दोन म्हण," मी नवारीला म्हणालो.

नवार तीन म्हणाली.

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. गणित विभागातल्या संशोधकांच्या खोलीत टेबलं भिंतीला सरकवून मी फरशीवर उकिडवा बसलो होतो. समोर नऊ मीटर नवार, म्हणजे खाटेला विणतात ती चार बोटं रुंद सुती पट्टी, गाठ मारून पसरलेली होती. तिचा एक काठ लाल, दुसरा निळा. दोन्ही टोकं एकमेकांना शिवलेली. म्हणजे सुरुवात कुठे ते कळत नव्हतं आणि शेवट तर दिसतच नव्हता, माझ्या पीएचडीसारखंच. लाल काठ निळ्या काठाभोवती एकूण किती फेरे घेतो, हे मी बोट फिरवत मोजत होतो. पाचव्यांदा.

"किती?" दारातून सबनीस मॅडमनी विचारलं. त्या माझ्या गाइड.

"तीन."

"आणि तक्त्यात?"

"दोन."

"परत मोज," म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

माझा विषय गाठी. लोकांना वाटतं, सोडवायच्या. नाही. नुसत्या ओळखायच्या. गणितातल्या गाठीची टोकं जोडलेलीच असतात, त्यामुळे ती सुटेल अशी आशा कोणी धरत नाही. त्यातही माझ्या गाठी दोरीच्या नव्हत्या, पट्टीच्या होत्या. दोरीला आत पीळ बसला काय, न बसला काय, गणिताला दिसत नाही. पट्टीला बसला की दिसतो. म्हणून पट्टीच्या प्रत्येक गाठीला एक आकडा कायमचा चिकटलेला असतो. पट्टी चुरगाळा, उशीखाली घाला, तिच्यावर नाचा. कात्री लावल्याशिवाय तो आकडा बदलत नाही. या न बदलण्यावरच आमचं सगळं शास्त्र उभं आहे, आणि माझी शिष्यवृत्तीही उभी होती.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात अशा त्रेसष्ट गाठींचा तक्ता होता. आकडे माझ्या प्रोग्रॅमने काढले होते आणि सगळेच्या सगळे सम आले होते. दोन, चार, शून्य, उणे दोन. त्यावरून मी विधान मांडलं होतं की या कुळातल्या गाठीचा आकडा नेहमी समच असतो. सिद्धता अकरा पानांची. त्यातलं सातवं पान मलाही नीट कळत नसे, पण ते होतं.

आणि आता सतरावी गाठ नवारीत करून बघितली तर तीन.

तीन सम नाही. एवढं तपासायला प्रोग्रॅम लागला नाही.

नवारीत करायची गरजच काय होती, असं कोणी विचारेल. मीही विचारलं होतं. गुरुवारी अकराला माझं शेवटचं सादरीकरण होतं. ते पार पडलं की शुक्रवारी प्रबंध दाखल. शुक्रवारी दाखल झाला की जुलैपासून एका कॉलेजात नोकरी. तिथल्या प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पावती दाखवा आणि रुजू व्हा. सादरीकरणाला परगावाहून परीक्षक म्हणून देवस्थळी सर येणार होते आणि त्यांची ख्याती अशी, की ते स्लाइड बघत नाहीत. "हातात द्या," म्हणतात. मागच्या वर्षी एका मुलीचा विषय चार मितींमधल्या आकारांचा होता. तोही त्यांनी हातात मागितला होता.

मी सहाव्यांदा मोजलं. तीन. मग मी नवार गोळा केली, पिशवीत कोंबली आणि ज्याने ती शिवली होती त्या माणसाकडे भांडायला निघालो.

तो माणूस माझा घरमालक. नाक्यावर 'नदाफ गादी कारखाना' होता आणि त्याच्या माडीवर माझी खोली. मकबूल चाचा खाली दुकानात चाळीस वर्षं गाद्या भरत, खाटा विणत बसलेले. पाय पसरून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता, चष्म्याशिवाय दाभणात दोरा ओवायचे. एकदाच. दुसऱ्यांदा ओवावा लागला असं मी कधी पाहिलं नाही.

"काय डॉक्टर," ते म्हणाले, "सुटली का गाठ?"

"सोडवायची नसते चाचा. तीन वर्षं सांगतोय."

"सुटत न्हाई म्हणून सोडवायची नसते म्हणतोस. आमचं एक गिऱ्हाईक हाय, त्याला ढेकूण मारायचे नसतात."

"चाचा, शिवताना तुम्ही हिला एक पीळ जास्त घातलात."

त्यांचा हात थांबला. दुकानात कापसाचे बारीक तंतू उडत होते, तेही थांबल्यासारखे वाटले.

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर."

"त्याला बोलव इथं."

"चाचा, चेष्टा नको. परवा सादरीकरण आहे. टोकं जोडताना एक फेरा फिरला असेल हातातून. होतं माणसाच्या हातून."

"चाळीस वर्षांत माझ्या खाटेवर झोपलेल्या एका माणसाच्या पाठीला पीळ लागला न्हाई. तुझ्या चित्राबरहुकूम मांडली, सपाट मांडली, तू समोर बसला होतास. त्या कोपऱ्यात तू ते कडं काढलं होतंस बघ, गोल, बारकं, उगीचच असल्यासारखं..."

"ते कडं गणितात धरत नाहीत."

"नवारीत धरतात. ऐक, कडं ओढलं की..."

"चाचा, प्लीज. मला गाठींबद्दल शिकवू नका."

हे वाक्य मी एका अशा माणसाला म्हणालो, ज्याने हयातीत काही नाही तरी पन्नास किलोमीटर नवार हाताळली असेल. तेव्हा मला ते अतिशय योग्य वाटलं.

चाचांनी दाभण उशीत खोचली. "बरं," म्हणाले. "न्हाई शिकवत."

बुधवारी दुपारी एक वाजता सगळा विभाग जेवायला गेला होता. मी निर्णय घेतला होता. निर्णयामागचा विचार साधा होता. प्रोग्रॅम चुकत नाही, कारण तो मी लिहिलाय. सिद्धता चुकत नाही, कारण ती अकरा पानांची आहे. उरली नवार. एक फेरा काढून टाकायचा, परत शिवायचं, दोन. ही फसवणूक नव्हती. ही दुरुस्ती होती. दुरुस्ती करताना मी दार का लावून घेतलं, ते मला सांगता येणार नाही.

अडचण कात्रीची आली. विभागात कात्री एकच, आणि ती ऑफिसातल्या पाटणकर क्लार्कनी चोरीच्या भीतीने टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून ठेवलेली. सुतळीची गाठ अशी, की मी गाठींवर तीन वर्षं संशोधन केलेला माणूस, मला ती सुटली नाही. शेवटी कात्री गाठीकडे येईना म्हणून गाठ कात्रीकडे नेली. नऊ मीटर नवार कॉरिडॉरमधून ओढत आणली, पाटणकरांच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसलो आणि चाचांची शिवण कापली.

ती कापताना जीवावर आलं, हे खरं. मेणाचा दोरा, तिरपे टाके, एकाला एक चिकटून, मोजले तर अंतर सारखं निघालं असतं. मी एक टोक एकदा पूर्ण फिरवलं आणि शर्टाच्या बटणाची सुई अन् पांढरा दोरा घेऊन टोकं परत जोडली. झाल्यावर ती जागा अपेंडिक्सच्या ऑपरेशनसारखी दिसत होती, तेही घाईत केलेल्या.

मोजलं. नवार दोन म्हणाली. पण मोकळेपणाने नाही.

"आज किती?" मॅडम जेवून आल्या तेव्हा त्यांनी विचारलं.

"दोन."

"काल तीन होते."

"शिवताना पीळ बसला होता, मॅडम. चाचांकडून. आज त्यांनी दुरुस्त करून दिली."

मॅडम माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. त्यांचं बघणं असं, की माणसाला आपण शर्ट उलटा घातलाय असं वाटावं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग उद्या त्यांनाच सांगू दे सरांना. मी सकाळीच फोन केलाय, येतायत ते."

"कोण?"

"मकबूलभाई. आभारात नाव आहे ना त्यांचं?"

आमच्या विभागात ही एक पद्धत होती, मॅडमनीच पाडलेली. प्रबंधाच्या आभारात ज्याचं नाव असेल, त्याला सादरीकरणाला बोलवायचं आणि पहिल्या रांगेत बसवायचं. आभार खोटे लिहू नयेत म्हणून. एका मुलाने आभारात देवाचं नाव लिहिलं होतं, तर मॅडमनी खुर्ची रिकामी ठेवली होती. चाचांचं नाव मी फेब्रुवारीत, चांगल्या मूडमध्ये, लिहून ठेवलं होतं. 'ज्यांच्या कुशल हातांशिवाय' वगैरे.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना मकबूल चाचा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी टोपी, अत्तर. मी त्यांना तीन वर्षांत कापूस न चिकटलेले असे प्रथमच पाहत होतो. मॅडमनी गुलाब दिला. चाचा पहिल्या रांगेत, देवस्थळी सरांच्या शेजारी बसले, आणि मी प्रोजेक्टरशी झटापट करतोय तोवर त्या दोघांचं जमलंसुद्धा.

"फोमची गादी आहे," सर सांगत होते. "मुलाने आणली. सकाळी उठलो की पाठ लाकूड."

"फोम टाकून द्या सर. कापसाची घ्या. वर्षाला एकदा पिंजून घ्यायची, उन्हात टाकायची. पाठ म्हणजे काय स्पंज हाय का?"

"नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "नाही आहे."

मी बोलायला सुरुवात केली. एकवीस स्लाइड देवस्थळी सर डोळे मिटून बसले होते. बाविसाव्या स्लाइडवर सतरावी गाठ आली आणि त्यांनी डोळे उघडले.

"हातात द्या."

दिली.

ते मोजू लागले. त्यांची मोजण्याची पद्धत म्हणजे पट्टी मांडीवर घेऊन दोन्ही काठ चिमटीत धरून, पुटपुटत, इंचाइंचाने पुढे जायचं. खोलीत अकरा माणसं होती आणि अकराही त्यांच्या चिमटीकडे बघत होती. बारावा मी. मी पंख्याकडे बघत होतो.

चिमटी शिवणीपाशी थांबली.

"बाकी काम फार सुबक आहे," देवस्थळी सर म्हणाले. "पण ही शिवण... ही कोणी घातली?"

"मकबूलभाईंनी," मॅडम म्हणाल्या. त्या हे सरांना सांगत होत्या, बघत माझ्याकडे होत्या. "हे काय, तुमच्या शेजारीच बसलेत. त्यांनाच विचारा."

सरांनी नवार चाचांच्या मांडीवर ठेवली.

चाचांनी खिशातून चष्मा काढला. घातला. शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्या पंख्याला तीन पाती आहेत हे अजून सांगू शकतो. एकावर कोळ्याचं जाळं होतं.

"माझीच हाय," चाचा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला.

"वय झालं सर. मोतीबिंदू. हल्ली दोऱ्याचं टोक दिसत न्हाई. माणसं जुनी ओळख म्हणून काम देतात." ते हसले. "तुम्ही गादी दुसऱ्याकडून करून घ्या."

देवस्थळी सरांनी सहानुभूतीने मान हलवली. मागच्या रांगेत दोन जणांनीही हलवली. दाभणात दोरा ओवताना एकदाही न चुकणारा माणूस अत्तर लावून पहिल्या रांगेत बसला होता, आणि अकरा माणसांसमोर माझा टाका स्वतःच्या नावावर घेत होता. गुलाब त्याच्या खिशाला होता. आणि माझी पुढची स्लाइड होती, 'निष्कर्ष'.

"सर," मी म्हणालो, "तो टाका माझा आहे."

"अं?"

"चाचांची शिवण मी काल कापली. आकडा तीन होता. एक फेरा काढून मी दोन केला."

सरांनी चाचांच्या मांडीवरची नवार उचलली. मग देवस्थळी सरांनी विचारलं, "कात्री कुठून आणली?"

का कोणास ठाऊक, पण त्यांना तेच महत्त्वाचं वाटलं.

"ऑफिसातून."

"शक्य नाही," दाराशी उभे असलेले पाटणकर म्हणाले. "ती बांधलेली आहे."

"मी गाठ तिथे नेली."

पाटणकरांनी यावर विचार केला आणि ते हादरलेले दिसले. त्यांच्या व्यवस्थेत ही फट त्यांना कधी सुचलीच नव्हती.

"म्हणजे विधान?" देवस्थळी सर.

"खोटं आहे, सर. चाचांची शिवण चुकत नाही."

"आणि ते सातवं पान?"

"तेही."

"हुश्श," सर म्हणाले, आणि खुर्चीला टेकून बसले. "ते मला चार वेळा वाचून कळलं नव्हतं. मला वाटलं, आपलं संपलं आता. अहो, मी काल बायकोला म्हणालो सुद्धा."

मॅडम उठल्या, प्रोजेक्टर बंद केला, म्हणाल्या, "चहा आलाय." माझ्याजवळून जाताना थांबल्या. "काल विचारलं तेव्हाच सांगितलं असतंस तर आज नुसती चूक झाली असती."

एवढंच बोलल्या. ते पुरेसं होतं; नऊ वर्षं पुरलंय.

शुक्रवार आला आणि गेला. जुलैची नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. तो बरा शिकवतो असं ऐकलं. पण हे नंतरचं. त्या गुरुवारी तीन वाजता मी नवार पिशवीत घालून दुकानात गेलो. चाचांनी पांढरा शर्ट काढून खुंटीला लावला होता, गुलाबासकट, आणि बनियनवर गादी भरत होते.

"चाचा, तुम्ही का..."

"बस."

बसलो.

त्यांनी नव्या नवारीची गुंडाळी उचलली आणि माझ्यासमोर फरशीवर आडवी ठेवली, चकलीसारखी. तिचं मधलं टोक धरून सरळ वर ओढलं. नवार भराभर वर आली, एकेक वेढा सोडत, आणि आली ती पिळलेली.

"बघ. किती वेढे सुटले?"

"चार."

"पीळ मोज."

मोजले. चार.

"आता बघ." त्यांनी पीळ काढून गुंडाळी परत केली, उभी धरली आणि चाकासारखी फिरवत सोडली. नवार सपाट आली. इस्त्री केल्यासारखी. "नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी हे सांगायचं असतं. वेढा मोडला की त्याचा पीळ होतो. जाणार कुठं? सुतळीत दिसत न्हाई म्हणून गेला असं वाटतं. तुझ्या चित्रातलं ते बारकं कडं, ते उगीच न्हवतं. मोडशील तर एक पीळ ठेवून जाईल. हेच सांगत होतो मंगळवारी."

मी त्या नवारीकडे बघत राहिलो. आणि मला 'झाडू' आठवला.

पहिल्या वर्षी, मी अजून दोरीच्या गाठींवर काम करत होतो तेव्हा, मी प्रोग्रॅममध्ये एक छोटा तुकडा लिहिला होता. चित्रात कुठे उगीचच कडं दिसलं की ते काढून टाकायचं, म्हणजे पुढचं काम सोपं. दोरीला त्याने काहीच फरक पडत नाही. त्या तुकड्याचं नाव मी 'झाडू' ठेवलं होतं. मॅडमना ते आवडलं होतं. पुढच्या वर्षी पट्टीच्या गाठी आल्या, प्रोग्रॅम तोच राहिला, आणि झाडू आतल्या आत, इमानाने, मला न विचारता झाडत राहिला. सतराव्या गाठीच्या चित्रात पट्टी सात ठिकाणी पट्टीवरून जाते. प्रोग्रॅम सहाच मोजत होता. सातवी जागा केरात. आणि सातव्या पानाची सुरुवात मी स्वतः केली होती: 'प्रथम आकृती स्वच्छ करून घेऊ.'

दोन वर्षं मी ज्या गोष्टीचा अभ्यास करत होतो, तीच आधी झाडून बाहेर टाकत होतो. मोठ्या कष्टाने. शिष्यवृत्ती घेऊन.

"चाचा," मी म्हणालो, "माझं तीन वर्षांचं काम गेलं."

"गेलं न्हाई. पीळ होऊन बसलंय कुठंतरी. बघ शोधून." त्यांनी माझ्या पिशवीतून ती नवार बाहेर काढली आणि मांडीवर घेतली. माझ्या शिवणीपाशी आले आणि त्यांचा आवाज बदलला. "आता ऐक. तिथं अकरा माणसं होती, तिथं माझी म्हणालो. इथं कोण न्हाई. इथं सांगतो. असला टाका म्हैस घालणार न्हाई, तिला दाभण दिली तर."

"हो."

"चाळीस वर्षांत वाईट टाक्याला मी माझा म्हटलेलं न्हाई. आज म्हटलं."

"मी सांगितलं ना नंतर..."

"सांगितलंस. म्हणून तर आत बसू दिलं." त्यांनी दाभण माझ्या हातात दिली. "उसव तो. तू काढलेला फेरा परत घाल. आणि नीट शिव."

"तुम्हीच शिवून द्या ना, चाचा. मला नाही जमणार."

"माझी होती ती कापलीस तू. आता तुझीच राहील."

दोरा ओवायला मला सहा प्रयत्न लागले. चाचा दुसरीकडे बघत होते, मेहरबानी म्हणून. शिवून झालं. त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, डोळ्याजवळ धरलं, नखाने एक टाका उचलला आणि सगळी शिवण सर्रकन उसवली.

"परत."

परत शिवलं. परत उसवलं. मधे एक बाई उशा न्यायला आली, तिने माझ्याकडे बघून विचारलं, "नवीन ठेवलाय का माणूस?" चाचा म्हणाले, "बघतोय. हाताला वळण न्हाई अजून." बाई म्हणाली, शिकेल हळूहळू. नव्या प्रबंधाला पुढे दीड वर्ष लागलं. त्यातलं मुख्य विधान अडीच ओळींचं आहे आणि त्यावर देवस्थळी सरांनी लिहिलेला शेरा पाऊण पानाचा. त्यात त्या बाईइतकी आशा कुठेच नाही.

अकराव्या वेळी चाचांनी शिवण ताणली, अंगठा फिरवला, इकडून, तिकडून. उसवली नाही.

"मोज," म्हणाले.

मी लाल काठावर बोट ठेवलं आणि निघालो. नऊ मीटर. कोपऱ्यातल्या कड्यावरून, सगळ्या सातही ठिकाणांवरून, परत शिवणीपाशी.

"तीन," मी म्हणालो.

"तुला किती पाहिजे होते?"

मी नवार पिशवीत घातली. चाचांनी दोऱ्याचं उरलेलं टोक दाताने तोडलं, चष्म्याशिवाय दाभणात परत ओवलं, एकदाच, आणि मला एक उशी शिवायला दिली.